‘काही होत नसताना तपासणी कशाला?’

“मॅडम, दुखत नाही, खुपत नाही. मग विकतचं दुखणं कशाला घेऊ?” मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाचा कॅन्सर शोधण्यासाठी काढायच्या एक्स-रेची, चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींची सुरुवात अशीच होते. त्या ताईंचीही तशीच झाली. वय ४७, घरीच शिलाईचं काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पाळीच्या तक्रारीसाठी आल्या होत्या, डॉक्टरांनी वय पाहून मॅमोग्राफी लिहून दिली. चिठ्ठी मात्र पर्समध्येच घडी होऊन पडली होती.

माहेरी-सासरी कुणाला कॅन्सर नाही. यंत्रात फार दाबतात म्हणे. एक्स-रेनेच कॅन्सर होतो म्हणे. एकेक कारण त्या सांगत गेल्या. उत्तरं देण्याआधी मी एवढंच विचारलं, “समजा निघालंच काही, तर सगळ्यात आधी काय मनात येईल?”

थोड्या वेळाने म्हणाल्या, “मुलीचं. स्थळं बघतोय तिच्यासाठी. आईला असं काही आहे म्हटल्यावर पुढचे लोक काय म्हणतील?”

ही भीती माहितीपत्रकात सापडत नाही, पण आपल्याकडे ती फार खरी आहे. ‘असं मनात आणू नका’ म्हणून ती उडवून लावणं मला पटत नाही. मी सांगितलं, रिपोर्ट तुमचा आहे. तो कुणाला दाखवायचा हे तुम्ही ठरवायचं. दुसरं म्हणजे, स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे होणारे साधारण १०० पैकी ५ ते १०. म्हणजे ‘आमच्यात कुणाला नाही’ यावर निर्धास्त राहता येत नाही, आणि आईला झाला म्हणून मुलीला होणारच असंही नाही. शिवाय लवकर सापडलेल्या आजाराचे उपचार बरेचदा सुटसुटीत असतात. उशिरा सापडला की तो महिनोन्‌महिने घर व्यापतो. मग लपवायचं म्हटलं तरी लपत नाही.

मग यंत्राकडे वळलो. दोन सपाट पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबतात आणि प्रत्येक बाजूचे सहसा दोन फोटो काढतात. दाब नकोसा होतो, काहींना दुखतंही. सहन होत नसेल तर तिथल्या ताईंना तसं सांगायचं. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर त्रास कमी होतो. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, कारण त्याचे कण फोटोत स्तनातल्या चुन्याच्या (कॅल्शियमच्या) ठिपक्यांसारखे दिसून गोंधळ होऊ शकतो. कपडे दोन भागांतले घालावेत, वरचेच काढावे लागतात. किरणं किती? निसर्गातून आपल्याला साधारण सात आठवड्यांत मिळतात तेवढी. त्या बदल्यात हाताला लागण्याआधीच गाठ दिसू शकते, आणि गाठ लहान असेल तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकीला आधीच सांगते. पहिल्या वेळी तुलनेला जुने फोटो नसतात, त्यामुळे पुन्हा बोलावणं येण्याची शक्यता जास्त असते. पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सर निघाला असं नव्हे. बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना तो नसतोच.

ताईंना बोलावणं आलंच. आणखी फोटो आणि सोनोग्राफी. फोनवर रडायलाच लागल्या. “मी म्हटलं नव्हतं?” आधी सांगितलेलं असलं तरी त्या क्षणी पोटात गोळा येतोच. म्हणून मी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सोबत आणायला सांगितलं. तोवर त्यांनी घरात कुणालाच काही कळू दिलं नव्हतं. ते आले, शांतपणे बसले, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दोघांनी मिळून कागदावर लिहिले. सोनोग्राफीत पाण्याची साधी गाठ निघाली, उपचारांची गरज नव्हती.

निकाल वेगळा आला असता तरी माझा सल्ला बदलला नसता. आणि निकाल चांगला आला म्हणून तपासणी संपत नाही. मॅमोग्राफीतूनही काही गाठी निसटतात, विशेषतः स्तन ‘घट्ट’ असतील, म्हणजे त्यांत चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त असेल तर. नंतर कधी गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं.

गावात यंत्र नाही म्हणून हातावर हात धरून बसणाऱ्यांसाठीही सांगते. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका हातानेच करतात. टाटा मेमोरिअलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांची अशी तपासणी दर दोन वर्षांनी होत होती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. चाळिशीनंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी करायची, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. घरात आई किंवा बहिणीला हा कॅन्सर झाला असेल, तर त्याआधीच विचारा.

त्या ताईंना मी फोटो आणि रिपोर्ट एका पिशवीत घालून कपाटात ठेवायला सांगितलं आहे. पुढच्या खेपेला ते सोबत न्यायचे, म्हणजे डॉक्टरांना तुलना करता येईल.