कोण जाणार, कोण राहणार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. नाटकाचे दोन्ही अंक वाचून झाले. पहिल्या अंकातला जेवणाचा प्रवेश फार चांगला उतरला आहे. तो अधिकारी, त्याची बायको आणि ती पत्रकार, तिघंही हवेबद्दल बोलत राहतात आणि तिघांनाही सगळं ठाऊक असतं. तिथला एक शब्दही बदलू नकोस.

अडचण युद्धाची आहे. तू १९४१ चं हाँगकाँग निवडलंस, पण ते मागच्या पडद्यावर रंगवल्यासारखं राहिलं. तिघांमध्ये भांडण पेटलं की बाहेर बॉम्ब पडतो, समेट झाला की भोंगा थांबतो. हीच तीन माणसं आजच्या पुण्यात असती तरी तुझं कथानक असंच्या असं चाललं असतं. मग प्रेक्षकाला इतक्या लांब न्यायचं कशासाठी?

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते लक्षपूर्वक वाच. कोणी कोणावर जीव लावायचा हे माणसं ठरवतात. पण हाँगकाँगसारख्या ब्रिटिश वसाहतीत, त्यातून युद्धकाळात, कोणी कोणाजवळ राहायचं हे सरकारी कागद ठरवतो. तुझ्या नाटकातलं राजकारण त्या कागदात आहे. तो कागद रंगमंचावर आण.

१९४० च्या उन्हाळ्यापासून सुरुवात कर. जपानी सैन्य हाँगकाँगच्या सीमेपर्यंत आलं होतं, म्हणून सरकारने ब्रिटिश बायका-मुलांना मनिलामार्गे ऑस्ट्रेलियाला हलवण्याचा हुकूम काढला. पण ब्रिटिश म्हणजे गोरे. ज्यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्व होतं, पण रक्त मिश्र होतं, अशा युरेशियन कुटुंबांना मनिलाहून माघारी धाडण्यात आलं. हाँगकाँगमधल्या चिनी लोकांचा तर प्रश्नच आला नाही. चीनमधून आलेल्या निर्वासितांमुळे वस्ती १६ लाखांच्या आसपास गेली होती आणि कर सगळेच भरत होते. आता तुझा अधिकारी बघ. त्याची बायको जहाजावर चढते ती भांडून नाही, हुकमाने. घर रिकामं होतं ते सरकारमुळे. त्या रिकाम्या घरात दुसरी बाई येते. त्रिकोणाची पहिली रेघ हुकमाने ओढली, हे प्रेक्षकाला दिसू दे.

तुला बहुधा ठाऊक असेल की असाच एक त्रिकोण तिथे खरोखर होता. गोव्याचा इतिहास वाचणाऱ्यांना चार्ल्स बॉक्सर हे नाव पोर्तुगीज साम्राज्याचा इतिहासकार म्हणून परिचयाचं आहे. १९४१ मध्ये मात्र तो हाँगकाँगमध्ये ब्रिटिश लष्करी गुप्तवार्ता विभागात मेजर होता. जपानी उत्तम बोलायचा, जपानी पलटणीत राहून आला होता, जपानी अधिकाऱ्यांशी त्याची दोस्ती होती. त्याचं लग्न झालेलं होतं, पत्नीचं नाव उर्सुला. आणि एमिली हान ही अमेरिकन लेखिका ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याच्या मुलीची आई झाली. दोन महिन्यांत, ८ डिसेंबरला, जपानने हल्ला केला. २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, हाँगकाँग पडलं. बॉक्सर लढाईत जखमी झाला आणि युद्धकैदी म्हणून छावणीत गेला.

त्यापुढचं नीट बघ, कारण तुझ्या दुसऱ्या अंकाला नेमकं हेच हवं आहे. जपान्यांनी ब्रिटिश, अमेरिकन आणि डच नागरिकांना स्टॅन्लेच्या छावणीत कोंडलं. एमिली बाहेर राहिली. कशी? काही वर्षांपूर्वी शांघायमध्ये शाओ शुनमेई या कवीशी तिचे संबंध होते. तो विवाहित होता. त्याचा छापखाना जपान्यांच्या हातून वाचावा म्हणून, त्याच्या पत्नीच्या संमतीने, ती त्याची बायको असल्याचा कागद वकिलाकडे केला होता. तोच कागद पुढे करून ती हाँगकाँगमध्ये चिनी माणसाची बायको ठरली. एका जुन्या प्रेमाच्या कागदावर ती दुसऱ्या प्रेमाजवळ राहिली, तान्ह्या मुलीला सांभाळलं, छावणीत खाण्याचे डबे पोचवले, पोटासाठी जपान्यांना इंग्रजी शिकवलं. १९४२ मध्ये अमेरिकनांना नेणारं पहिलं जहाज सुटलं तेव्हा ती त्यावर नव्हती.

शत्रूला इंग्रजी शिकवून त्याच्याकडून धान्य घेणं याला काय म्हणायचं? तुझ्या नाटकात याचं उत्तर कोणी देऊ नये, पण प्रत्येक पात्राने आपापलं मत बाळगून तुझ्या त्या पत्रकाराकडे बघावं. तू तिला एका प्रवेशात हेर ठरवलंस आणि दुसऱ्यात देवी. दोन्ही सोपं आहे. ती रोज सकाळी दूध मिळवायला निघणारी बाई आहे, आणि दूध ज्यांच्याकडे आहे ते जपानी आहेत.

खऱ्या माणसांची नावं मात्र वापरू नकोस, त्यांच्या तोंडी स्वतःची वाक्यं घालू नकोस. त्यांच्या आयुष्यातून रचना घे, माणसं तुझी उभी कर.

आता कारस्थानाबद्दल. दुसऱ्या अंकात तू चोरलेला नकाशा, विषाचा पेला आणि लाल कंदिलाखालची अफूची खोली आणली आहेस. हे सगळं काढ. कारस्थान म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे, केव्हापासून, आणि ते तो कोणाला सांगू शकत नाही. जानेवारी १९४१ मध्येच चर्चिलने लिहून ठेवलं होतं की हाँगकाँग राखण्याची किंवा तिथे कुमक पोचवण्याची तिळमात्र शक्यता नाही. तरीही नोव्हेंबरमध्ये कॅनडाच्या दोन पलटणी, जवळपास दोन हजार जवान, तिथे उतरवले गेले. बंदरावर बँड वाजला असेल, लोकांना धीर आला असेल. तुझा अधिकारी गुप्तवार्ता खात्यातला आहे. सीमेपलीकडे किती सैन्य गोळा झालंय याचा त्याला अंदाज आहे. घरी बाळंतीण आहे. ती विचारते, ‘इथे राहू ना?’ तिला ‘जा’ म्हणणं म्हणजे गुपित फोडणं, आणि ‘राहा’ म्हणणं म्हणजे तिला आणि मुलीला आगीत ठेवणं. या एका प्रश्नोत्तरावर पंधरा मिनिटांचा प्रवेश उभा राहतो. तू तिथे दोन ओळी लिहिल्या आहेस.

बायकोचं पात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. ती ऑस्ट्रेलियाला गेली आणि नाटकातून पुसली गेली. युद्धात टपाल महिनोन्‌महिने अडकतं, सेन्सॉर पत्रं फोडतो. नवरा जिवंत आहे की नाही हे तिला कळायला किती काळ लागेल, आणि कळेल ते कोणाकडून? तिला एक प्रवेश दे, एकटीचा. ती रडणार नाही अशी अट घाल.

आणि तो शीख पहारेकरी. तुझ्या संहितेत तो तीनदा येतो, तीनदा सलाम ठोकतो. हाँगकाँगच्या लढाईत दोन हिंदी पलटणी होत्या, ७ व्या राजपूत रेजिमेंटची ५ वी आणि १४ व्या पंजाब रेजिमेंटची २ री. पाडाव झाल्यावर हिंदी कैद्यांना वेगळं काढून जपान्यांनी त्यांच्यापुढे दुसरा रस्ता ठेवला: इंग्रजांचा राजा सोडा, आमच्याबरोबर या, तुमचा देश मोकळा होईल. त्या जवानांपुढेही एक त्रिकोणच होता, आणि तो तुझ्या तीन पात्रांच्या त्रिकोणाहून जड होता. काहींनी तो रस्ता मनापासून घेतला, काहींनी उपासमारीने. राजपूत पलटणीतल्या कॅप्टन मतीन अन्सारी यांनी नाकारला. हैदराबादच्या निजामाच्या नात्यातले म्हणून त्यांच्यावर फार दबाव आला, छळ झाला. २९ ऑक्टोबर १९४३ ला स्टॅन्ले इथे त्यांचा शिरच्छेद झाला. नाकारणारा आणि स्वीकारणारा, दोघांनाही तुझ्या रंगमंचावर मान मिळायला हवा. आझाद हिंदचा इतिहास आपल्या घराघरात ज्या अभिमानाने सांगितला जातो, त्यात हा प्रश्न क्वचित विचारला जातो. म्हणून तू विचार.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नसावी असं संहितेवरून वाटतं. एमिली हान शेवटी हाँगकाँगमधून निघाली ती १९४३ मध्ये, लेकीला घेऊन, तेइया मारू या जपानी जहाजातून. ते जहाज आलं आपल्या मुरगावला. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून ऑक्टोबर १९४३ मध्ये नागरिकांची अदलाबदल गोव्यात झाली. एका धक्क्याला तेइया मारू, दुसऱ्याला ग्रिप्सहोम, त्यात उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतून गोळा केलेले जपानी. हजारावर माणसं या जहाजातून उतरून त्यात गेली, तितकीच त्यातून यात आली. याच बंदरात मार्चमध्ये इंग्रजांनी कलकत्त्याच्या हौशी घोडदळातली माणसं रात्री बोटीने पाठवली होती, एहरेनफेल्स या जर्मन जहाजावरचा गुप्त बिनतारी यंत्रसंच बंद पाडायला. जर्मन खलाशांनी आपलीच जहाजं पेटवून बुडवली होती. तटस्थ म्हणवणारं हे बंदरही एक वसाहतच होतं, हे विसरू नकोस. धक्क्यावर ओझी वाहणारा गोव्याचा माणूस पोर्तुगिजांचा प्रजाजन होता, आणि त्याची अदलाबदल कोणी करणार नव्हतं.

बॉक्सर मागे छावणीत राहिला. लपवलेला रेडिओ सापडला, त्यात त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो सुटला १९४५ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याचं नि एमिलीचं लग्न झालं. तुझ्या नाटकाचा शेवट असा सुखाचा करू नकोस असं मी म्हणत नाही, पण तो मुरगावच्या धक्क्याइतका चांगला नाही.

भाषेचं लवकर सांगून टाकते. साहेबाच्या तोंडी मोडकं मराठी घालू नकोस, प्रेक्षक हसतील आणि गंभीर प्रवेश मरेल. सगळ्यांना स्वच्छ मराठी बोलू दे. कोणाला कोणती भाषा कळते हे बोलणं कुठे थांबतं, कोण मान वळवतं, यावरून दाखव. जपानी अधिकारी आणि तुझा नायक एकमेकांशी बोलत असताना बाकीचे गप्प उभे राहतात, एवढं पुरेल.

पुढचा खर्डा लिहिताना बायकोच्या निघण्याचा प्रवेश आधी घे, मग मुरगाव, मग मधलं. दिवाळीच्या आधी पाठवलास तर तालमीला बसण्यापूर्वी आपल्या मंडळींसमोर एक वाचन करता येईल.

तुझ्या बाई