दुसऱ्या लूपसाठी मुदत ठेव मोडू नका

प्रश्न: जळगावात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. नव्या कम्प्युटरला वॉटर कूलिंग बसवायचंय. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला मिळून एकच लूप (पाणी फिरवणारा नळ्यांचा बंद मार्ग) केला तर 62 हजार, वेगवेगळे दोन केले तर 1 लाख 5 हजार. वरचे 43 हजार मुदत ठेव मोडून घालू का?

उत्तर: नको. एकच लूप करा.

ग्राफिक्स कार्डातून तापून आलेलं पाणी प्रोसेसरला तापवेल, ही तुमची धास्ती असणार. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात 500 वॉट उष्णता पडत असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम 2 अंशांनी तापतं. खरा फरक पडतो रेडिएटरच्या, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीच्या, एकूण क्षेत्रफळाने. 62 हजारांत एकच रेडिएटर धरला असेल, तर दुसरा त्याच लूपला जोडून घ्या. मग नुसत्या प्रोसेसरवर काम चालू असतानाही दोन्ही रेडिएटर त्याच्या कामी येतात. रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होताना, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम राबले की प्रोसेसर थोडा जास्त तापेल, हे खरं. पण 70 ऐवजी 75 अंशांवर चालला म्हणून कामाचा वेग काही घटत नाही.

एक पंप गेला तर दुसरा आहेच, असंही वाटत असेल. पण वेगळ्या लूपचा पंप या लूपचं पाणी फिरवत नाही. प्रोसेसरचा पंप बंद पडला की मशीन बंदच. त्यापेक्षा एकाच लूपमध्ये दोन पंप ओळीने लावा. दोन लूप म्हणजे जोड जास्त, गळतीच्या जागा जास्त, आणि गळतीने बोर्ड गेला तर भुर्दंड बहुतेक वेळा आपल्यालाच.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. लग्नसराई आखाजीच्या सुमारास भरात येते, तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर असतो. लूप एक असो की दोन, पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. दुकानात 40 अंश असतील तर पाणी 50 कडे जाणार, आणि बऱ्याच पंपांची मर्यादा 60 च्या आसपास असते. पैसे घालायचेच तर खोलीच्या एसीत घाला, तेही सीझनच्या कमाईतून.

कर वाचेल म्हणाल, तर कम्प्युटरवर 40 टक्के घसारा (झिजेपोटी उत्पन्नातून वजावट) मिळतो, पण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरून) विवरणपत्र भरत असाल तर तो वेगळा धरता येत नाही. आणि चातुर्मासात लग्नं नसतात, दुकानाचं भाडं मात्र दर महिन्याला येतं. ती ठेव त्या महिन्यांसाठी राहू द्या.

ऑर्डर देण्याआधी रेडिएटर तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा, हे कोटेशनवर लिहून घ्या. प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी जाणाऱ्या तांब्याच्या ब्लॉकबरोबर अ‍ॅल्युमिनियम आलं की लूप आतून गंजतो.