सायकेडेलिक म्हणजे 'मतिभ्रमकारक' का?

एका ताईंचा प्रश्न आहे: सायलोसायबिन या, काही अळंब्यांत सापडणाऱ्या आणि जाणिवा बदलणाऱ्या सायकेडेलिक द्रव्यावरच्या संशोधनाबद्दल त्या मराठीत लेख लिहीत आहेत, 'सायकेडेलिक'साठी 'मतिभ्रमकारक' लिहिलं तर चालेल का?

मला विचाराल तर नको. 'सायकेडेलिक' हा शब्द मुळात जन्माला आला तोच असला शिक्का पुसायला. कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतात हम्फ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ मेस्कलीन आणि एलएसडी या अशाच द्रव्यांवर काम करत होते. तेव्हा या द्रव्यांना जे शास्त्रीय नाव होतं, त्याचा अर्थ 'वेडाची नक्कल करणारी' असा होता. ते ऑस्मंडना अपुरं वाटे. १९५६मध्ये इंग्रज लेखक ऑल्डस हक्सले आणि ते पत्रांतून एकमेकांना नवी नावं सुचवत होते, त्यात ऑस्मंडनी ग्रीकमधले 'मन' आणि 'उघड दिसणारं' अशा अर्थांचे दोन शब्द जोडून 'सायकेडेलिक' केला. मनातलं उघड करणारं, एवढंच. 'मतिभ्रम' म्हटलं की पुसलेला शिक्का पुन्हा उमटला.

शिवाय 'भ्रम' इथे नेमका बसतही नाही. अशा औषधाने भिंतीवरची नक्षी हलताना दिसते, पण ती औषधामुळे हलतेय हे माणसाला बहुतेक वेळा कळत असतं. आपण याला भास म्हणतो. दिसतंय ते खरंच आहे अशी खात्री पटली, तर तो भ्रम.

मग काय लिहायचं? 'मनोद्घाटक' वगैरे करता येईल, पण ते उद्घाटन समारंभासारखं वाटतं. नाम 'सायकेडेलिक'च ठेवा, लोकांना कळतं. मराठीपणा क्रियेत आणा, कारण तिथे आपल्याकडे फर्मास शब्द आहे: अंमल. मूळ अरबी, अर्थ कृती, काम. पेशव्यांचा अंमल असतो तसा भांगेचाही असतो; तो चढतो, राहतो, उतरतो. खोकल्याचं औषध घेऊन दुपारभर पेंगणाऱ्याला आमची आजी म्हणायची, "अजून अंमल उतरला नाही वाटतं!" म्हणजे द्रव्य आत जाऊन काम करतंय, हे या शब्दात आयतंच आहे. त्यात ना वेड, ना भ्रम.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या २००६च्या प्रयोगाबद्दल ताईंचं वाक्य असं आहे: 'मतिभ्रमकारक औषध दिल्यावर ३६ स्वयंसेवकांपैकी अनेकांना गूढ अनुभव आले.' वाचणारा म्हणणार, येणारच, मती भ्रमलेली! त्याऐवजी 'सायलोसायबिनचा अंमल असताना…' अशी सुरुवात करून पाहा. तो किती तास राहिला, केव्हा उतरला, हेही मग त्याच शब्दात सांगता येतं.

'अमली' हे विशेषण मात्र टाळा. शब्द त्याच घरातला, पण आता 'अमली पदार्थ' म्हटलं की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येत नाही, पोलिसांची धाड येते.