पाटी कुठे उतरवायची, ते विचार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बुजवलेल्या सबवेंवर, म्हणजे रस्त्याखालून पायी जायच्या भुयारी वाटांवर, लिहायचं ठरवलंस, हे वाचून आधी हसूच आलं. इकडे जळगावात बजरंग बोगद्यात पावसाचं पाणी तुंबलं की गावभर बोंब होते, आणि तू तिकडे मुद्दाम बुजवलेल्या वाटा शोधतोयस! विषय मात्र झकास आहे. फक्त मुलाखतींसाठी केलेला तो प्रश्नांचा कागद फाडून टाक. 'तुम्हाला सबवे कसा वाटायचा?' म्हटलं की जो तो अंधार, वास, भीती एवढंच सांगणार. खोटं नसेल ते, पण त्यातून हाती काय लागणार?

माझी फजिती सांगतो. आमच्या गावी रुळांखालून एक मोरी होती. बांधली पाण्यासाठी, वापरली माणसांनी. ती बुजल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तिच्यावर एका दिवाळी अंकात लिहिलं. तीन म्हाताऱ्यांना विचारून उंची ठोकून दिली, सात फूट. अंक निघाला, आणि बाजारात भाजीवाल्या आजीने मला अडवलं. "सात फूट कुठली रे भाऊ? मोरीच्या तोंडाशी दगड व्हता, त्याच्यावर पाटी उतरवायची, मंग वाकून जायचं, पाटी हातात धरून." आजी पाच फुटांच्याही आतल्या. तेव्हा लक्षात आलं, माझे तिन्ही साक्षीदार मोरी वापरायचे तेव्हा सात-आठ वर्षांची पोरं होती. त्यांना ती उंचच दिसणार! आजीने उंची सांगितलीच नाही, पाटी कुठे उतरवायची तेवढं सांगितलं.

तेव्हा तूही तेच विचार. बाबागाडी पायऱ्यांवरून कोण उचलायचं? पाऊस पडला की पाणी कुठल्या कोपऱ्यात साचायचं? आणि जे कधी खाली उतरलेच नाहीत, त्यांना गाठायचं विसरू नकोस. वरून मोटारींच्या मधून पळत रस्ता ओलांडणारा माणूस सबवेबद्दल फार खरं बोलतो.

तिथला इतिहास तू माझ्यापेक्षा जास्त वाचला असशील. १९७१ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते सुरू झालेला इनर रिंग रोड, शहराच्या मध्यभागाभोवतीचा रस्ता, हा मोटारींचा लाड होता. वरची जमीन गाड्यांना आणि भुयार माणसांना, असली वाटणी. लोक त्याला काँक्रीटचं कडं म्हणू लागले. २००२ मध्ये त्या रस्त्यावरचं मासहाउस सर्कस (सर्कस म्हणजे तिकडचा मोठा गोल चौक) पाडलं आणि माणसं पुन्हा जमिनीवरून चालू लागली. मला विचारशील तर फार उशीर केला.

एका ठिकाणी मात्र सांभाळ. सेंट चॅड्स सर्कसला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये मोझेक, म्हणजे तुकडे जोडून केलेलं भिंतीवरचं चित्र, लावलं होतं, तिथल्या आयरिश लोकांनी वर्गणी काढून. ते गेलं, आणि पुढे शहरातल्याच डिगबेथ भागात नव्याने घडवलं. आता कुणी 'मला तो केनेडींचा चेहरा स्पष्ट आठवतो' म्हणाला, तर जुना आठवतो की नवा, हे त्याचं त्यालाही कळणार नाही. त्याला चेहऱ्याबद्दल विचारूच नकोस. त्या चित्रापुढे उभा राहून तो कुणाची वाट बघायचा, ते विचार.

पहिली मुलाखत झाली की टिपण पाठव, जसंच्या तसं, सुधारून नको. आणि थंडीत कान झाक, तुझी आई रोज मला विचारते.

तुझा
काका