वाचकांचे प्रश्न : बक्षिसांच्या खेळाचा परवाना

प्रश्न : इंग्लंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावर कॅफे चालवायला घेत आहोत. तिथे 50 पेन्सच्या तिकिटावर हाउझी ठेवायची आहे. परवानगी कोणाची लागेल?

उत्तर : स्थानिक कौन्सिलची. 2005च्या गॅम्बलिंग अ‍ॅक्टखाली ‘प्राइझ गेमिंग परमिट’ मिळते. शुल्क 300 पौंड, मुदत 10 वर्षे. अर्जदाराचे वय किमान 18 हवे आणि जागा ताब्यात असावी किंवा घ्यायचे ठरलेले असावे. त्याच जागेवर जुगाराचा प्रिमायसेस लायसन्स (जागेचा परवाना) असेल तर हे परमिट मिळत नाही.

अर्ज भरण्याआधी कौन्सिलचे जुगारविषयक धोरणपत्र वाचा. कोणते खेळ, किती पैसे, मुलांची काळजी कशी घेणार, हे त्यात विचारलेले असते. कौन्सिल पोलिसांचे मत घेते. परमिटला स्वतःच्या जादा अटी लावण्याचा अधिकार मात्र तिला नाही. द्यायचे किंवा नाकारायचे, एवढेच तिच्या हाती असते. म्हणून ‘हाउझी खेळवणार’ अशा एका ओळीवर अर्ज सोडू नका. शंकेला जागा राहिली, तर ती अट घालून मिटवता येत नाही. नाकारण्यापूर्वी मात्र तुमचे म्हणणे ऐकावेच लागते.

प्रश्न : तिकिटांचे जेवढे पैसे जमतील त्यातले निम्मे विजेत्याला द्यायचे, असा बेत आहे. चालेल ना?

उत्तर : नाही, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. बक्षीस काय आणि केवढे, हे किती जण खेळले किंवा किती पैसे जमले यावर ठरता कामा नये. तसे ठरले की तो कायद्याच्या भाषेत ‘प्राइझ गेमिंग’ राहतच नाही आणि हातातल्या परमिटचा उपयोग उरत नाही. आधी बक्षीस ठरवा, लिहून लावा, मग तिकिटे विका. पाचच जण आले तरी तेच बक्षीस द्यायचे, तोटा तुमचा. म्हणून सुरुवातीला बक्षिसे लहानच ठेवावीत.

खेळण्याच्या एका संधीचे, म्हणजे एका तिकिटाचे, जास्तीत जास्त 1 पौंड आणि एका खेळाचे मिळून 500 पौंड घेता येतात. मुलांना प्रवेश असेल तिथे रोख बक्षिसाची मर्यादा 70 पौंड. तिकिटे त्याच जागेत, त्याच दिवशी विकायची. खेळ त्याच दिवशी संपवून निकालही तिथेच जाहीर करायचा. उद्याच्या डावाची तिकिटे आज विकणे किंवा ‘जिंकलात तर पुढच्या डावात मोफत प्रवेश’ म्हणणे, दोन्ही नियमाबाहेर.

परमिट जागेवरच ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी 6 ते 2 महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो.

प्रश्न : आमच्या मंडळाला शाळेच्या मदतीसाठी एका संध्याकाळी असाच खेळ ठेवायचा आहे. 300 पौंड भरावेच लागतील का?

उत्तर : बहुधा नाही. खासगी नफा नसलेल्या, सत्कार्यासाठीच्या खेळाला वेगळी सूट आहे. पैसे कशासाठी जमवत आहात ते खेळणाऱ्यांना आधी सांगा आणि खर्च वजा जाता सगळी रक्कम तिथेच पोचवा. जुगाराचा परवाना असलेला हॉल मात्र त्यासाठी घेऊ नका.