वीज गेल्यावर मदतीसाठी फोन चालू कसा ठेवावा?

औसा तालुक्यातील शेतवस्तीवर वृद्ध आई-वडील एकटेच राहतात आणि वळवाच्या वादळानंतर रात्रभर वीज नसते, अशा वेळी त्यांना मदत कशी मागता येईल, असे आपण विचारले आहे. इन्व्हर्टरचा विचार नंतर करावा. आधी साधा बटणांचा मोबाइल घ्यावा, कारण तो एकदा चार्ज केल्यावर काही दिवस टिकतो. त्याच्या ५ क्रमांकाच्या बटणावर बोटाला जाणवणारा बारीक उंचवटा असतो, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अशा फोनमध्ये ते किंवा ९ चे बटण दाबून धरल्यास ११२ या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकाला कॉल जाण्याची सोय असते. आपल्या फोनमध्ये कोणते बटण आहे, ते माहितीपुस्तिकेत पाहून वडिलांना अंधारातही सापडेल इतके सवयीचे करून द्यावे.

टॉवरची बॅटरी संपली की सिग्नलही जातो. ११२ चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो, परंतु शेजाऱ्यांना फोन लावण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेलेच बरे. फायबर इंटरनेटच्या जोडणीवर चालणाऱ्या घरच्या फोनवर विसंबू नये, तो विजेबरोबरच बंद पडतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. मात्र रात्री चालकाला वस्ती सापडणे हीच खरी अडचण असते, म्हणून गाव, तालुका, गट क्रमांक आणि मुख्य रस्त्यावरून कोठे वळायचे, हे ठळक अक्षरांत लिहून टॉर्चशेजारी भिंतीवर लावावे.