एक्सेलमध्ये नवीन महिन्याची नोंद केली की चार्ट आपोआप कसा बदलेल?

सर्वात सोपा उपाय म्हणजे डेटाचं टेबल करणं. डेटामधल्या कोणत्याही सेलवर क्लिक करा, कंट्रोल आणि टी एकत्र दाबा, शीर्षकांच्या चौकटीत टिक ठेवून ओके करा. चार्ट आधीच काढलेला असला तरी चालतो, फक्त त्यात टेबलचा पूर्ण कॉलम घेतलेला हवा. आता शेवटच्या ओळीखाली लगेच नवीन नोंद टाईप केलीत की टेबल वाढतं आणि त्यासोबत चार्टही. मध्ये रिकामी ओळ मात्र सोडू नका. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं.

फक्त शेवटचे १२ महिने दिसायला हवे असतील तर टेबल पुरत नाही. तेव्हा फॉर्म्युलाज टॅबमधल्या नेम मॅनेजरमध्ये एक नाव तयार करा आणि त्यात ऑफसेट (ठरावीक सेलपासून पुढची रेंज निवडणारं फंक्शन) व काउंटए (कॉलममधले भरलेले सेल मोजणारं फंक्शन) वापरा: शीर्षकाच्या सेलपासून, काउंटएच्या उत्तरातून १२ वजा करून येईल तितक्या ओळी खाली, उंची १२, रुंदी १. महिन्यांच्या कॉलमसाठी असंच दुसरं नाव लागेल. मग चार्टच्या सिलेक्ट डेटामध्ये ही नावं द्या. इथे नुसतं नाव एक्सेल स्वीकारत नाही. आधी शीटचं नाव आणि उद्गारचिन्ह लागतं. बहुतेक जण इथेच अडकतात. शिवाय कॉलममध्ये रिकामं उत्तर देणारे फॉर्म्युले असतील तर काउंटए तेही मोजतं, आणि चार्ट चुकतो. तिथे फक्त आकडे मोजणारं काउंट वापरा, पण ते शीर्षक मोजत नाही, म्हणून १२ ऐवजी ११ वजा करा.

गूगल शीट्समध्ये रेंज म्हणून पूर्ण कॉलम दिला तरी पुरे.